दुसऱ्या झाकणाखालचा हत्ती

निनावी पत्र लिहिणाऱ्या माणसाविषयी मला जन्मभर तिरस्कार वाटत आला आहे. मी स्वतः आयुष्यात किती पत्रे लिहिली याची गणती माझ्याकडे नाही. घरमालकाला लिहिली, नगरपालिकेला लिहिली, वर्तमानपत्रांच्या संपादकांना लिहिली. जिन्यातला दिवा, फुटपाथवरचा उघडा मॅनहोल, शाळेची वाढवलेली फी, काहीही सोडले नाही. परंतु त्यांतील प्रत्येक पत्राखाली माझी सही होती, पूर्ण पत्ता होता आणि तारीख होती. ज्याला आपल्या आरोपाखाली सही करण्याची छाती नाही त्याने आरोप करू नये, हे माझे मत आजही कायम आहे.

माझ्याविरुद्ध आयुष्यात एकच निनावी पत्र गेले. निवृत्तीला पाच महिने उरले असताना गेले. त्यातला आरोप एका ओळीचा होता: सरकारी नोकरीतल्या या माणसाकडे विलायती स्पोर्ट्स कार आहे, ती त्याच्याकडे कुठून आली? प्रश्न रास्त होता, हे मी मान्य करतो. संतापाची गोष्ट इतकीच, की ती गाडी विलायती नाही याची खात्री करून घेण्यासाठी मी जेवढे कष्ट घेतले होते, तेवढे लोक मुलीच्या स्थळाची चौकशी करतानाही घेत नाहीत.

खिदिरपूरच्या गोदीवर परदेशातून उतरणाऱ्या मालाची किंमत ठरवायची आणि त्यावर कर आकारायचा, हे माझे काम. माझा जन्म कलकत्त्याचा, वडीलही तिथेच नोकरीला होते. त्यामुळे आमच्या घरात मराठी उंबऱ्याच्या आत आणि बाकीच्या भाषा बाहेर अशी विभागणी होती. पहिली काही वर्षे गोदीवर मोटारी पुष्कळ उतरत. जहाजाच्या पोटातून क्रेनने उचललेली मोटार हवेत हळूहळू फिरत खाली यायची, आणि मी हातात पॅड घेऊन खाली उभा असायचो. त्यातच एकदा एक उघडी, दोन माणसांची, गर्द हिरवी इंग्लिश गाडी आली. लांब नाक, बसके अंग, दोन बाजूंना दोन फुगीर गाल. मीटरवरचा आकडा टिपण्यासाठी मी तिच्या आसनावर बसलो. बसलो तो नियमानेच. पण आकडा टिपून झाल्यावरही मी दोनचार क्षण तसाच, हात चाकावर ठेवून बसून राहिलो असेन, कारण गाडीचा मालक असलेला साहेब छत्रीच्या टोकाने दारावर टकटक करून म्हणाला, "काम झालं असेल तर उतरा, बाबू. ती तुमच्यासाठी आलेली नाही."

मी उतरलो. गाडीची किंमत मात्र मी नियमात बसेल तेवढी चढीच लावली.

पुढे आयात जवळजवळ बंद झाली. एकोणीसशे सत्तर उजाडले तेव्हा मुले आपापल्या वाटेने गेली होती, बालीगंजच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघेच उरलो होतो, आणि ते "बाबू" माझ्या कानात अजून जिवंत होते. एका रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात दिसली: इंग्लिश स्पोर्ट्स टू-सीटर, सभ्य गृहस्थाने जपून वापरलेली. पत्ता आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवरचा.

"दोन माणसांची गाडी?" बायकोने पोळी लाटता लाटता विचारले. "आणि भाजीची पिशवी कुठे बसणार?"

"तुझ्या मांडीवर."

"म्हणजे तिघं झालो. नियमात बसतं का ते बघून घ्या आधी."

मी चुंबक, टॉर्च, पेन्सिल-चाकू आणि जुनी चटई घेऊन निघालो.

विक्रेते तागाच्या धंद्यातून निवृत्त झालेले बंगाली गृहस्थ होते. कडक इस्त्रीचे धोतर, पांढरा शुभ्र कुर्ता, चांदीच्या मुठीची काठी. अंगणात गाडी फुलाफुलांच्या चादरीखाली झाकलेली होती. त्यांनी काठीच्या टोकाने चादर अशी काही बाजूला केली, की जणू एखाद्या पुतळ्याचे अनावरण चालले आहे.

लाल रंगाची होती. पण तेच नाक, तेच गाल.

"अस्सल," ते म्हणाले. "थेट विलायतेची."

मी खिशातला चुंबक काढून बॉनेटवर ठेवला.

"हे काय करता?"

"या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं. त्याला चुंबक चिकटत नाही."

चुंबक टक् करून चिकटला आणि तिथेच राहिला. गृहस्थांनी त्याच्याकडे अपराध्याकडे पाहावे तसे पाहिले. मग म्हणाले, "आपला चुंबक फारच जोरदार आहे, मोशाय."

मी गाडीभोवती फिरलो. दरवाजांची बिजागरी आपल्या देशी सलून गाडीची, म्हणजे बंद चार आसनी मोटारीची, होती. ब्रेकचे पेडल तेच. मागच्या बाजूला डावीकडे पेट्रोल भरण्याचे गोल, चकचकीत झाकण होते, ते ठीक. पण उजवीकडेही, बरोबर त्याच उंचीवर, तसेच दुसरे झाकण होते. गोदीवर मी या गाड्या डझनाने तपासल्या होत्या. तिला झाकण एकच असते, आणि ते डावीकडे.

"आणि हे दुसरं?"

"रिझर्व्ह टँक," ते ताबडतोब म्हणाले.

मी झाकण फिरवले. ते निघून हातात आले. आत टाकी नव्हती, नळी नव्हती. पत्र्याची एक उथळ वाटी होती आणि तिच्या तळाला, पिवळ्या रंगात, एक हत्ती छापलेला होता. मोहरीच्या तेलाच्या डब्यावर असतो तसा. पत्रा कापताना त्याची सोंड अर्ध्यावर गेली होती.

"रिझर्व्हमध्ये हत्ती आहे," मी म्हणालो.

गृहस्थांनी झाकण माझ्या हातातून घेऊन पुन्हा बसवले. मग त्यांनी वरच्या खिडकीकडे एक नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला. "जरा हळू बोला. सूनबाई वर आहेत. घरात सगळ्यांना अस्सल म्हणूनच ठाऊक आहे. क्लबातही."

त्यांना वाटले मी आता पाय आपटत निघून जाणार. उलट, मला मनातून इतका आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खाली वाकून टायर पाहू लागलो. ज्याला मोटारीतले आणि कायद्यातले काही कळते त्याच्या हे तेव्हाच ध्यानात येईल. त्या काळात अस्सल विलायती स्पोर्ट्स कार घेणे म्हणजे गळ्यात घंटा बांधून घेणे होते. कर भरल्याची कागदपत्रे तीनतीन मालकांमागे हरवलेली, कुठली गाडी दूतावासातून परस्पर विकलेली, कुठली कर भरून बंदरातून सोडवलेलीच नाही. आणि एक वॉशर हवा असेल तर जहाजाची वाट पाहायची. नकलेचे तसे नसते. तिचे अंग मिस्त्रीने ठोकलेले, पण हाडे देशी सलूनची, इंजिन देशी सलूनचे. तिचा प्रत्येक सुटा भाग गल्लीच्या तोंडावर मिळतो. माझ्यासारख्या माणसाला हवी होती ती नक्कलच. पण नक्कल ही नक्कल आहे, हे निर्विवाद सिद्ध झालेले हवे होते.

म्हणून मी चटई अंथरली आणि पंचावन्नाव्या वर्षी गाडीखाली उताणा शिरलो. रॉकेलच्या बोळ्याने सांगाड्यावरचा चिखल पुसला, टॉर्च धरला, आकडे वाचले आणि नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहिले. जुळले. इंजिनाचेही जुळले. परंतु पुस्तकात गाडीचे वर्णन 'बंद, चार आसनी' असे होते. अंग बदलल्याची नोंद कुणी केलीच नव्हती. अशा गाडीचा विमा म्हणजे पावसात कागदाची छत्री. अपघात झाला की विमा कंपनी वर्णनावर बोट ठेवून मोकळी होते. नक्कल घेणाऱ्याने पहिल्यांदा रंग पाहू नये, पुस्तकातले वर्णन पाहावे, हे मी आजही लोकांना सांगतो. कुणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गृहस्थांकडून पत्ता घेऊन ती बनवणाऱ्या मिस्त्रीला गाठले. मल्लिक बाजारामागच्या एका बोळात त्याची पत्र्याची शेड होती. म्हातारा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, अंगठ्याचे नख हातोडीने कायमचे काळे पडलेले. मी दुसऱ्या झाकणाचे विचारताच त्याने भिंतीकडे बोट केले. तिथे एक जुने कॅलेंडर होते: समुद्रकिनारा, एक गोरी बाई, आणि ती गाडी, डाव्या बाजूने.

"बाबूंनी हे चित्र दिलं," तो हिंदीत म्हणाला. "खरी गाडी मी जन्मात पाहिली नाही. चित्रात एकच बाजू. मग दुसरी मी मनानं केली."

"पण पेट्रोलचं झाकण दोन्हीकडे कसं असेल?"

म्हाताऱ्याने हातोडी खाली ठेवली. त्याला माझी कीव आली असावी. "चेहऱ्याला डोळे किती असतात, बाबू? दोन. एका डोळ्याची गाडी मी गल्लीबाहेर काढू? लोक काय म्हणतील?"

"आणि हत्ती?"

"झाकण नीट बसायला मागे वाटी लागते. तेलाच्या डब्याचा पत्रा मऊ असतो, छान वळतो." मग थोडे रागाने: "तो दिसायला नको होता. झाकण कशाला उघडलंत?"

आतला लाकडी सांगाडा त्याने एका चिनी सुताराकडून सागवानाचा करून घेतला होता. त्या हवेत वाळवीने काय होते हे ठाऊक असल्यामुळे मी परत जाऊन दरवाजाखालच्या लाकडात चार ठिकाणी चाकू टोचून पाहिला. एका ठिकाणीही आत गेला नाही. पाऊस पडून गेल्यावर मुद्दाम पुन्हा गेलो आणि पायांखालची चटई उचलून पाहिली. कोरडी होती. खड्ड्यांच्या रस्त्यावरून चालवून पाहिली; दरवाजे चौकटीत घासले नाहीत, म्हणजे सांगाडा पिळत नव्हता. तेव्हा मी ठरवले.

मग सुरू झाला पत्रव्यवहार. दहा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांना पाच पत्रे लिहिली. माझ्या अटी दोन होत्या. पहिली, अंग बदलल्याची नोंद विक्रीपूर्वी पुस्तकात करून घ्यावी. ती त्यांनी कुरकुर करत मान्य केली. दुसरी, विक्रीपत्रात असे लिहून द्यावे की गाडीचे अंग देशात बनवलेले असून ते विलायती गाडीची नक्कल आहे. तिसऱ्या पत्रात त्यांचे उत्तर आले: "महाशय, मी गाडी विकायला काढली आहे, नाक नव्हे."

मी उलट टपाली लिहिले: "नाक आपणाकडेच राहील. मला केवळ सत्य हवे आहे, आणि तेही पाकिटात बंद."

यावर ते विरघळले. त्यांनी सही केली, मी त्यांच्यासमोर पाकीट लाखेने बंद केले आणि शब्द दिला, की कायद्याने लेखी मागितल्याशिवाय ते मी कुणालाही दाखवणार नाही. निघताना त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मी तेवढा वेळ रस्त्याकडे पाहत राहिलो.

सरकारी नोकराला अशी खरेदी करताना खात्याला आधी कळवावे लागते. मी व्यवहाराआधीच कळवले होते: आमच्या कचेरीच्या इमारतीत तळमजल्यावर पोस्ट होते, तिथून वरच्या मजल्यावरच्या आमच्याच कार्यालयाला, रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह.

"वरच्या मजल्यावर पत्र पाठवायला पोस्ट?" बायको म्हणाली. "जिना मोडलाय का?"

"जिना पोच देत नाही."

त्यानंतरची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली अत्यंत सुखाची होती, हे मी शपथेवर सांगेन. रविवारी सकाळी आम्ही दोघे मैदानाच्या बाजूने जायचो. पहिल्या दिवशी बायकोने पदर कमरेला खोचला, डोक्याला स्कार्फ बांधला आणि डोळे घट्ट मिटून बसली. सरळ रस्त्याला लागल्यावर एक डोळा उघडला.

"लोक बघताहेत हो."

"बघू देत."

"तुमच्याकडे बघताहेत असं समजू नका. गाडीकडे बघताहेत."

महिन्याभरात ती मला वेग वाढवा म्हणून सांगू लागली. मराठी मंडळाच्या गणपतीला आम्ही त्या गाडीतून गेलो तेव्हा आरती सोडून माणसे फाटकाशी आली. आमच्या दोघांत वाद एकच होता: पावसाळ्यात खोट्या झाकणातून पाणी झिरपून वाटीत साचायचे. "तो हत्ती काढून टाका आणि भोक बुजवून घ्या, डास होतात," असे ती म्हणायची. "पुराव्याला हात लावायचा नाही," असे मी म्हणायचो. शेवटी दर पावसानंतर झाकण काढून हत्ती फडक्याने पुसायचे काम तिने माझ्याकडे लावून दिले.

आणि मग ते पत्र आले.

आमच्या खात्याने चौकशीसाठी जो अधिकारी नेमला तो माझ्याच हाताखाली शिकलेला होता. हुशार, नम्र, आणि त्यामुळेच धोकादायक. चौकशी लांबली तर पेन्शन अडकणार होती, हे खरे. परंतु मला झोंबत होते ते वेगळेच. तेहतीस वर्षांत ज्याच्या नावावर एका सिगारेटच्या पाकिटाचाही बोल नव्हता, तो माणूस फाटकातून चोर म्हणून बाहेर पडणार होता.

"सर, खरेदीची पूर्वसूचना?" त्याने विचारले.

मी पोचपावती टेबलावर ठेवली. नोंदणीपुस्तक ठेवले. विम्याचे कागद ठेवले. अंग बदलल्याची नोंद दाखवली. त्याने सगळे पाहिले, नीट एकावर एक रचले आणि म्हणाला, "सगळं निर्दोष आहे, सर. अडचण तीच आहे."

मग त्याने फाइलमधून एक जुने, टंकलिखित टिपण काढले. माझेच होते. नव्या अधिकाऱ्यांसाठी मी काही वर्षांपूर्वी लिहिले होते. त्यातले एक वाक्य त्याने तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केले होते: चोरट्या मार्गाने आणलेली विलायती गाडी मोडीत निघालेल्या देशी गाडीच्या कागदांवर चालवली जाते; म्हणून कागद जितके निर्दोष, तितकी गाडी अधिक बारकाईने तपासावी.

"आम्ही आपलंच शिकलो, सर," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून अधिक लागले. "विक्रेत्याचं काही लेखी?"

"आहे. लाखबंद पाकिटात. लेखी मागा, लेखी देतो."

तो हसला. "राहू द्या. चोरट्या गाडीबरोबर असं लेखीही मिळतंच. आपणच शिकवलं होतंत."

ज्या कागदांवर मी आयुष्य काढले, त्यांतला एकही त्या दिवशी माझ्या उपयोगी पडला नाही. घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोने ताट झाकून ठेवले आणि एवढेच म्हणाली, "कागदांचं ऐकत नसतील तर गाडीला बोलू दे ना."

पाहणी गोदीच्या अंगणात ठरली. जिथे मी ती हिरवी गाडी तपासली होती त्याच जागी. मी लाल गाडी स्वतः चालवत नेली. खात्याने एक तज्ज्ञ बोलावला होता. पूर्वी साहेब लोकांच्या मोटारी दुरुस्त केलेला, कोटाच्या खिशात दोन फाउंटन पेने असलेला एक वयस्क गृहस्थ. तो डाव्या बाजूने मागून पुढे चालत नाकासमोर येऊन थांबला.

"अस्सल," तो म्हणाला. "मी अशा कितीतरी गाड्या हाताळल्यात. हे गाल इथल्या कुणाला जमायचे नाहीत."

माझ्या डोक्यात रक्त चढले. त्याच क्षणी, काय सांगावे, त्या काळ्या नखाच्या म्हाताऱ्याचा मला अभिमानही वाटला. मी चुंबक काढून बॉनेटवर चिकटवला.

"अपघातानंतर बॉनेट बदललं असेल," तज्ज्ञ म्हणाला.

"बिजागऱ्या पाहा."

"त्याही बदलतात."

"इंजिन?"

"इंजिन तर सगळेच बदलतात. इथे कुठलं विलायती इंजिन मिळायला?"

चौकशी अधिकारी लिहून घेत होता. क्रेनवरचे लोक काम थांबवून बघू लागले होते. मी आवाज चढू दिला नाही. ते मला किती जड गेले ते माझे मलाच ठाऊक.

"आता कृपया उजव्या बाजूला या," मी म्हणालो, "आणि पेट्रोलचं झाकण उघडा."

"या गाडीला उजवीकडे झाकण नसतंच," तज्ज्ञ तुच्छतेने म्हणाला. "डावीकडे असतं. एकच."

"नक्की?"

"मला शिकवू नका. मी शेकडो पाहिल्यात. एकच असतं."

"हे लिहून घ्या," मी अधिकाऱ्याला म्हणालो. "एकच असतं. डावीकडे. तज्ज्ञांचं मत." त्याने लिहिले. "आता या बाजूला या."

तज्ज्ञ आला. झाकण पाहिले. चष्मा काढला, पुसला, घातला. झाकण तिथेच होते. त्याने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि ते फिरवले. ते त्याच्या हातात आले. आतून, आदल्या दिवशीच मी पुसून लखलखीत केलेला, पिवळा हत्ती त्याच्याकडे पाहत होता.

क्रेनवरचा एकजण मोठ्याने हसला आणि त्याच्यामागून सारे अंगण.

"हे काय आहे, सर?" अधिकाऱ्याने विचारले. त्याचे ओठ थरथरत होते.

"मोहरीच्या तेलाचा डबा. ही बाजू मिस्त्रीला चित्रात दिसली नव्हती, म्हणून त्यानं मनानं केली. विलायतेतल्या कुठल्या कारखान्यात मोहरीच्या तेलाचे डबे वापरतात, ते तज्ज्ञांना विचारा. आणि पंचनाम्यात नीट नोंद करा: हत्ती, पिवळा, एक. सोंड अर्धी."

त्याने ती तशीच केली. मी खांद्यावरून वाकून खात्री करून घेतली.

निर्णयाचा मसुदा आठवड्यात आला. त्यात गाडी देशी नक्कल असल्याचे 'दिसून येते' असे लिहिले होते. मी तो परत पाठवला. दिसून येणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. मला दुसरे हवे होते. दुसरा मसुदा सिद्ध होऊन आला. ज्या खात्यात मी तेहतीस वर्षे वस्तू अस्सल ठरवल्या, त्याने माझी एकुलती एक चैन खोटी असल्याचे शिक्क्यानिशी प्रमाणपत्र मला दिले. ते मी चौकटीत घालून दिवाणखान्यात लावले. शेवटच्या दिवशी त्याच गाडीतून, बायकोला शेजारी बसवून, मी गोदीच्या फाटकाबाहेर पडलो. पहारेकऱ्याने सलाम केला. क्रेनवरून कुणीतरी ओरडले, "हाथी कैसा है, साहेब?" मी हॉर्न दिला. छत्रीवाल्या साहेबाच्या "बाबू"चे उत्तर एवढ्या वर्षांनी, व्याजासकट, दिले गेले.

गोष्ट खरे तर इथे संपते. पण एक बाब नमूद केली पाहिजे.

निनावी पत्राचे मूळ मला नंतर कळले. गाडी विकल्यावर त्या तागवाल्या गृहस्थांनी क्लबात सांगितले होते, की आपली अस्सल इंग्लिश गाडी आपण मैत्रीखातर बंदरावरच्या एका अधिकाऱ्याला दिली. ते कुणाच्या तरी कानावर गेले आणि कुणीतरी सही न करता लिहिले. कळल्याबरोबर मी गृहस्थांना पत्र लिहायला बसलो. चार पाने झाली. त्यांच्या स्वाक्षरीचे पाकीट अजूनही माझ्या कपाटात, लाख न तुटलेले, होते. कायद्याने ते मागितलेच नव्हते, म्हणून माझा शब्द मी मोडला नव्हता. चार पाने मी टेबलावर ठेवली, त्यांवर पेपरवेट ठेवला.

पुढच्याच रविवारी आम्ही त्यांच्या रस्त्याने गेलो. ते फुटपाथवर दोघा मित्रांबरोबर उभे होते. त्यांनी काठी उचलून आमच्याकडे रोखली आणि छाती फुगवून म्हणाले, "ओइ देखो! आमार बिलिती गाडी!"

मित्रांनी माना डोलावल्या. गृहस्थांची नजर मात्र माझ्यावर खिळली होती, आणि त्या नजरेत काय होते ते मी ओळखले. ती नजर मी एकदा अंगणात, वरच्या खिडकीकडे वळलेली पाहिली होती. मी टोपीला हात लावला आणि पुढे निघालो.

"ऐकलंत ना काय म्हणाले ते?" बायको म्हणाली. "आता घरी जाऊन पाचवं पान लिहाल."

मी गिअर बदलला.

"काय म्हणाले? या इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही."